बिनगाण्याचा नाच

इंदूबाई दुकानात आल्या की आधी बसायला जागा शोधायच्या. रामराम, ख्यालीखुशाली सगळं नंतर. राजुऱ्याला बसस्टँडच्या मागे माझा स्टुडिओ आहे. लग्नं, वाढदिवस, निरोप समारंभ आणि हल्ली प्री-वेडिंग, असली कामं. गिऱ्हाइकांसाठी मी एक मऊ सोफा आणून ठेवलाय, पण त्या त्यावर कधी बसल्या नाहीत. "थ्या सोफ्यात एकदा गेलो का मंग निंगनं होत नाई, फिरोजभाऊ," असं म्हणत त्या आत जायच्या आणि पांढऱ्या पडद्यासमोरच्या, पासपोर्ट फोटोच्या स्टुलावर बसायच्या. एक हात स्टुलावर, एक गुडघ्यावर, आणि तोंडातून हवा सोडत हळूहळू खाली. बसल्या की डोळे मिटून घ्यायच्या. तेवढ्यात कोणी फोटो काढायला आलं तर त्यानं बाहेर थांबायचं.

पहिल्यांदा आल्या तेव्हा मला वाटलं, नातीच्या लग्नाची ऑर्डर असेल.

"व्हिडिओ काढाचा हाय."

"कोणाचं लग्न आहे बाई?"

"लग्न नाई. नाच."

"पोरीचा?"

"माहाच."

मी त्यांच्याकडे नीट पाहिलं. पन्नाशी कधीच ओलांडलेली बाई. सुती लुगडं, प्लास्टिकच्या चपला, सुजलेले गुडघे. मग त्यांनी नाव सांगितलं आणि मला एकदम भिंती आठवल्या. लहानपणी आमच्या मोहल्ल्याच्या भिंतीवर नाटकांची पोस्टरं लागायची. धान कापून झालं की आमच्या भागात गावोगावी मंडप उभे राहतात आणि रात्रभर नाटकं चालतात. ही झाडीपट्टीची नाटकं. दोन अंकांच्या मधे नाच असतो, आणि खरी गर्दी त्या नाचाला. पोस्टरवर नटांच्या नावांखाली, पण त्यांच्यापेक्षा मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असायचं : मिस इंदू, मिस मंजू.

त्या मिस इंदू आता गडचांदूरला एका खोलीत राहत होत्या आणि शाळांच्या गॅदरिंगमध्ये पोरांचे नाच बसवून देत होत्या. गुडघे गेल्यावर कंपनी सुटली होती. कंपनी म्हणजे नाटक कंपनी. गडचांदूरला कंपनी म्हटलं की लोक सिमेंटची समजतात, त्यामुळे हा खुलासा त्या न विचारता करायच्या.

त्यांच्या अटी सरळ होत्या. कॅमेरा एका जागी उभा करायचा. हलवायचा नाही, झूम करायचा नाही. "झूम केलं का लोकायले कंबरच दिसते." वरून गाणं टाकायचं नाही. आणि कापायचं नाही.

"गाण्याबिगर नाच कसा होईन बाई?"

"काऊन? तुमी गाण्याबिगर चालता का नाई?"

हे खूळ त्यांच्या डोक्यात कसं शिरलं, ते त्यांनी पुढे कधीतरी सांगितलं. कंपनीतल्या शेवटच्या हंगामात कोणीतरी त्यांच्या नाचाचं मोबाईलवर चित्रण केलं होतं. नाच संपला तरी मोबाईल बंद करायचं राहून गेलं. पुढे पडद्याच्या फटीतून दिसत होतं : त्या पत्र्याच्या पेटीवर येऊन बसल्या आहेत, घुंगरू सोडताहेत, एका हातानं मान पुसताहेत, पाय लांब करून बोटं हलवून बघताहेत. "गाण्यात मी लोकायले दिसलो," त्या म्हणाल्या. "पेटीवर बसलो, थ्या वक्ती मी मले दिसलो. मंग मले वाटलं, हा नाच बरा हाय. हा कोनी पाह्यलाच नाई."

असं त्यांचं सुरू झालं. पुढे शहरातल्या लोकांनी त्याला प्रयोगशील नृत्यपट वगैरे नावं दिली. त्या मात्र शेवटपर्यंत "आपलं थे" एवढंच म्हणायच्या. "फिरोजभाऊ, रविवारी मोकळे हाय का? आपलं थे करू."

पहिलं 'थे' आम्ही मूल गावाच्या पुढे एका खेड्यात केलं. आदल्या रात्री तिथे नाटक झालं होतं. आम्ही सकाळच्या बसनं पोचलो तेव्हा मंडप उतरवणं चाललं होतं. खुर्च्या एकात एक घातल्या जात होत्या, ताडपत्री खाली येत होती, स्टेजच्या फळ्या निघत होत्या. त्यांनी कॅमेरा कुठे ठेवायचा ते बोटानं दाखवलं आणि उरलेल्या फळ्यांवर जाऊन उभ्या राहिल्या. मी तयारीत उभा. त्या पदर खोचत होत्या, केस बांधत होत्या, मधेच एक हात वर न्यायच्या आणि पोचायच्या आतच खाली आणायच्या, जसं काही वर ठेवलेला डबा काढायचा होता पण नको वाटलं. एक गिरकी सुरू करून अर्ध्यातच थांबल्या. मागे मजूर फळ्या काढत त्यांच्यापर्यंत येत होते. त्या एकेक फळी मागे सरत होत्या. शेवटी खाली उतरल्या आणि एका खुर्चीवर बसल्या.

मी विचारलं, "बाई, सुरू कधी करायचं?"

"झालं ना!"

नशीब, कॅमेरा सुरू होता. मजूर हसत होते, मीही हसत होतो. पण परत आल्यावर दुकानात ते चित्रण पाहिलं तेव्हा हसू आलं नाही. त्या अर्धवट हातांत सगळा जुना नाच होता, पोस्टरवरचा. फक्त तो आता त्यांना झेपत नव्हता आणि त्या ते लपवत नव्हत्या. मी एकच सुचवलं की मधला जिथे त्या नुसत्याच उभ्या आहेत तो भाग काढू. त्या म्हणाल्या, "तुमी जिथी कापता तिथी मी दम घेतो. दम बी काढून घेता का?"

माझ्या अम्मीला त्या फार आवडायच्या. दुकानाच्या वरच आमचं घर. इंदूबाई आल्या की अम्मी चहा पाठवायची आणि हिंदीत विचारायची, "आज क्या नाची?" इंदूबाई खालूनच ओरडायच्या, "आज बसलो, अम्मी! आज नुसती बसलो!" दोघींचे गुडघे सारखेच. जिना ना ही उतरायची, ना ती चढायची. वर्षानुवर्षांची मैत्री अशी जिन्याच्या दोन टोकांना.

एका पावसाळ्यात त्यांनी रोवणीच्या बायकांना घेतलं. धानाची रोपं लावून दिवसभर वाकलेल्या बायका संध्याकाळी बांधावर येऊन बसल्या होत्या. इंदूबाई त्यांच्यातच जाऊन बसल्या. "काई नका करू. घरी गेल्यावर जसं करता तसंच करा. फक्त एकीचं झाल्यावर दुसरीनं." पहिलीनं दोन्ही हात कमरेवर दाबले आणि मागे वाकली. तिचं झाल्यावर दुसरीनं पायाच्या बोटांतला चिखल काढला. तिसरी नुसतीच जांभई द्यायला लागली, ती जांभई ओळीनं पसरत गेली, शेवटच्या बाईपर्यंत. मग सगळ्यांनी एकदम कंबर धरली आणि उठल्या. कोणी सांगितलं नव्हतं. उठायची वेळ झाली होती म्हणून उठल्या. त्या एका उठण्यासाठी मी आजही ते चित्रण काढून बघतो.

इंदूबाईंना वाटलं, ज्या गावात केलं त्या गावाला दाखवलं पाहिजे. शाळेच्या भिंतीवर दाखवलं. मिस इंदू येणार म्हणून चांगली गर्दी झाली होती. थोड्या वेळानं पाठीमागून आवाज आला, "नाच कधी सुरू होते गा?" मग शिट्ट्या. मग माणसं उठून जायला लागली, जाता जाता भिंतीवर सावल्या पाडत. शेवटी त्या रोवणीच्या बायका तेवढ्या उरल्या. त्या आपापली कंबर ओळखून एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. परतीच्या बसमध्ये इंदूबाई एवढंच म्हणाल्या, "लोकायचं चुकलं नाई. थेयनी पोस्टरवरचं नाव वाचलं होतं."

नागपूरला मात्र एका महोत्सवात तेच चित्रण घेतलं गेलं. थंडगार हॉल, मऊ खुर्च्या, अंधार. मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. बांधावरचं ते सगळं मोठ्या पडद्यावर आलं, हॉल अगदी शांत झाला. मी वळून पाहिलं तर इंदूबाई झोपल्या होत्या. तोंड किंचित उघडं, हात मांडीवर. टाळ्यांनी जाग्या झाल्या. मंचावर बोलावून त्यांना विचारलं, यामागची प्रेरणा काय? त्या माइककडे वाकल्या. मग म्हणाल्या, "गुडघे." लोक हसले. त्यांनी विनोद केला नव्हता. त्या तशाच उभ्या राहिल्या, मग मी जाऊन हात धरून खाली आणलं.

गाडीत मी म्हटलं, "स्वतःचंच पाहताना झोप लागली तुम्हाले?"

"खुर्ची लई बेस होती," त्या म्हणाल्या.

मंजूबाईंचं मला त्यानंतर कळलं. कंपनीत या दोघी समोरासमोर नाचायच्या, आरशासारख्या. इंदूबाईंनी कंपनी सोडली तेव्हा मंजूबाई भांडल्या होत्या : तू गेली तं मी कोणासमोर नाचू? त्यानंतर दोघींचं बोलणं बंद. मंजूबाई पुढेही नाचत राहिल्या, वय झालं तरी. मग एके दिवशी निरोप आला की त्यांना अर्धांगवायू झाला आहे, उजवी बाजू पूर्ण गेली आहे.

गोंडपिपरीवरून आष्टीला आम्ही बसनं गेलो. त्या रस्त्यानं लोहखनिजाचे ट्रक अखंड जातात, दोन्ही बाजूंची झाडं, घरं, वाळत घातलेले कपडे सगळं लाल. मंजूबाईंचा मुलगा विलास त्यातलाच एक ट्रक चालवायचा. तो त्या दिवशी कामावर होता. सुनेनं आम्हाला छपरीत नेलं. खाटेवर मंजूबाई उशीला टेकून बसल्या होत्या. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

वाकड्या तोंडानं, एकेक शब्द ओढत मंजूबाई म्हणाल्या, "मोटी झाली तू."

"तू वाळली."

एवढ्यावर भांडण मिटलं. इंदूबाई स्टूल ओढून मंजूबाईंसमोर बसल्या. माझ्या बॅगेत काय आहे ते मंजूबाईंनी विचारलं, इंदूबाईंनी 'आपलं थे' जमेल तसं समजावलं. मंजूबाई हसल्या, म्हणजे अर्ध्या हसल्या. म्हणाल्या, "मले काढ."

"मंजू, तुले बरं नाई."

"अर्धी हाय. अर्धीच काढ."

मी कॅमेरा लावला. मंजूबाईंनी डावा हात उचलला. सावकाश, मनगटातून, बोटं एकामागून एक उघडत. आजारी माणसाचा हात नव्हता तो. समोर इंदूबाईंनी उजवा हात तसाच उचलला, आरशातल्यासारखा, आणि आपला डावा मांडीवर मेल्यासारखा टाकून दिला. काही वेळ ते दोन हात समोरासमोर हलत राहिले. मग मंजूबाईंनी त्या चालत्या हातानं आपला न चालणारा हात उचलला, चादरीवर ठेवला, त्याची बोटं सरळ करायला लागल्या. एक केलं की दुसरं वळायचं. त्यांना राग आला. त्यांनी त्या हाताला एक चापट मारली. समोर इंदूबाईंनीही आपल्या हाताला चापट मारली, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते मात्र आरशात नव्हतं. मंजूबाईंचे डोळे कोरडे होते. बाहेरून ट्रक गेला, छपरीत लाल धूळ आली, मंजूबाई खोकल्या. इंदूबाईही खोकल्या. तो खोकला खरा की नाचातला, मला आजही सांगता येणार नाही.

दुकानात ते पाहताना इंदूबाई झोपल्या नाहीत. संपल्यावर म्हणाल्या, "हे झालं. आता आनखी कायले करू?"

आठवड्याभरात विलास आला. उंच, शांत माणूस, कपड्यांच्या शिवणीत लाल धूळ बसलेली. सोफ्याच्या अगदी कडेवर बसला. इंदूबाई स्टुलावर होत्या.

"काकू, आईची फिल्म काढली म्हणते."

"तिनंच म्हटलं, विलास. तिचीच इच्छा."

"तिची तं राहीनच." तो खाली बघून बोलत होता. "मी शाळेत जात होतो तं पोरं माह्यासमोर कंबर हलवून दाखवत. वर्गात, रस्त्यानं, नदीवर. लग्नात माह्या सासऱ्याच्या गावात बी दाखवली. मी कधी आईले सांगतलं नाई. तुमी नाचल्या म्हणून माह्या पोटात अन्न गेलं, थे मले समजते."

"मंग?"

"लोकायनं तिले लई पाह्यलं, काकू. सारी जिंदगी पाह्यलं. आता तरी कोनी नको पाहू."

इंदूबाईंनी डोळे मिटले. पडद्यासमोर, नेहमीसारखे. मला वाटलं त्या भांडतील. मंजूबाईंची इच्छा होती, चित्रणात काही वाईट नव्हतं, आणि हे त्यांनी आयुष्यात केलेलं सगळ्यात चांगलं काम होतं. त्यांना ते माहीत होतं.

"पुसून टाका, फिरोजभाऊ."

मी म्हटलं, "दाखवू नका, पण एक कॉपी राहू द्या. माझ्यापाशी राहीन. कोणाले नाई देत."

"राह्यली तं मी दाखवीन. मले मी माहीत हाय."

दोघांच्या समोर मी ते पुसलं. कार्डवरून, कॉम्प्युटरवरून, बॅकअपवरून. विलासनं हात जोडले आणि गेला. इंदूबाईंना स्टुलावरून उठायला त्या दिवशी फार वेळ लागला.

मंजूबाईंना सांगायला त्या एकट्याच गेल्या. परत आल्यावर मी विचारलं, काय म्हणाल्या? "काई नाई. तोंड फिरवत होती माह्याकडून. मान वळली नाई तं डोळेच फिरवले." मग म्हणाल्या, "थो बी खरा, हे बी खरी. मीच मधात."

थंडीत मंजूबाई गेल्या. त्यानंतर इंदूबाईंनी 'आपलं थे' केलं नाही. मी दोन-चारदा फोन केला. ऊन लागते, पाय सुजले, शाळेचं गॅदरिंग आहे, असं काहीबाही सांगायच्या. गडचांदूरच्या एका शाळेत मी गॅदरिंगच्या कामाला गेलो होतो तेव्हा दिसल्या. खुर्चीवर बसून सिनेमाच्या गाण्यावर पोरींना टाळ्यांनी ताल देत होत्या. माझ्याकडे बघून हात केला, टाळी चुकवली नाही.

आता इंदूबाई नाहीत. शेवटी त्या सिरोंच्याला भाचीकडे राहायला गेल्या होत्या, तिथेच वारल्या, मला उशिरा कळलं. पण सिरोंच्याला जायच्या आधी एकदा त्या माझ्या दुकानात आल्या होत्या. मी त्यांना पाहिलं ते तेवढंच शेवटचं.

उन्हाळ्यातली दुपार होती. विलास आला. तसाच कडेवर बसला. बराच वेळ पाणी पीत राहिला. मग म्हणाला, "भाऊ, पुसलेलं कुठी तरी राहते म्हणतात. मशिनीत. थे काढता येते म्हणतात."

मी त्याच्यासमोर प्रयत्न केला. त्या कार्डवर नंतर कितीतरी लग्नं चढली होती. काही मिळालं नाही. कुठल्या तरी वरातीचे तुकडे वर येत राहिले.

"फोटो हाय तिचे," विलास म्हणाला. "आधारवरचा हाय. पोस्टरवरचे हाय. हलतानाची नाई हाय कुठीच. लहान पोरगी माही विचारते, आजी कशी होती, तं मले करून दाखवता येत नाई."

मी इंदूबाईंना फोन लावला. काय झालं ते सांगितलं. त्यांनी फोन ठेवून दिला. पण पुढच्या बसनं त्या आल्या. त्या उन्हात, डोक्यावर ओला रुमाल टाकून. आत येऊन स्टुलावर बसल्या, हवा सोडली, डोळे मिटले. विलास उभा राहिला.

"बस," त्या म्हणाल्या. "समोर बस. तिची खाट होती ना, तिथी मी. तू माह्या जागेवर."

तो जमिनीवरच बसला. वर अम्मीच्या खोलीत कुकरची शिट्टी झाली. कॅमेरा स्टँडवरच होता. सुरू करू का, हे मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

इंदूबाईंनी एक हात मांडीवर टाकला. असा टाकला की तो त्यांचा राहिलाच नाही. तोंड किंचित एका बाजूला गेलं. मग दुसरा हात सावकाश वर आला, मनगटातून, बोटं एकामागून एक उघडत. मी मंजूबाईंना एकदाच पाहिलं होतं, पण त्या स्टुलावर त्या क्षणी इंदूबाई नव्हत्या.

विलास पुढे सरकला. बघत होता, ओठ हलत होते. मग हळूच म्हणाला,

"काकू, थो हात नाई. आईचा डावा चालत होता."

इंदूबाईंनी डोळे उघडले आणि आपल्या वर उचललेल्या उजव्या हाताकडे पाहिलं. त्यांनी तो नाच मंजूबाईंच्या समोर बसून केला होता. त्यांच्या अंगात तो उलटा राहिला होता.

"हो रे," त्या म्हणाल्या.

त्यांनी उजवा हात खाली आणून मांडीवर ठेवला, त्याची बोटं सरळ केली. मग डावा उचलला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.